बांगलादेशचा कापूस 'सगळा आपलाच' नाही ओ

आमच्या उरणच्या तीन ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय, की बांगलादेशच्या गिरण्या सगळ्या आपल्या कापसावर चालतात, आपल्याकडे कापूस उतू जातोय, एक महिना रोखा की त्यांचा कपड्याचा धंदा बसलाच. मी न्हावा शेव्याला कंटेनरच्याच कामात आहे म्हणून राहवत नाही.

'सगळा आपला' हे चूक. त्यांच्याकडे कापूस नावापुरता पिकतो हे खरं, पण ते घेतात ब्राझीलकडून, अमेरिकेकडून, आफ्रिकेतल्या बेनिन, माली, बुर्किना फासोकडून आणि आपल्याकडून. २०२४-२५ ला तर ब्राझील आपल्याही पुढे गेला. आपलं एक बरं होतं, बंगालच्या सीमेवरच्या पेट्रापोल नाक्यावरून ट्रक सुटला की चार दिवसांत माल गिरणीत, ब्राझीलचं जहाज महिना-दीड महिना खातं, तरी लोक तिकडचा घेतात कारण तिथे वेचणी मशीनने होते आणि गाठ न् गाठ तपासून देतात. आपल्या एका गाठीतून सॅम्पल काढताना मी स्वतः खताच्या गोणीचा निळा धागा ओढून काढलाय, बोटभर लांब. तो प्लॅस्टिकचा, सुतात गेला की रंग धरत नाही, कापडावर ठिपका येतो आणि अख्खा तागा रिजेक्ट.

आता 'रोखा की बसले'. अहो कापूस वेगळा, सूत वेगळं! त्यांना आपली खरी गरज सुताची आहे, आणि आपल्या सुताचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईकही तेच. एप्रिल २०२५ ला जमिनीवरून येणारं सूत त्यांनीच बंद केलं, समुद्रातून चालू ठेवलं. मे महिन्यात आपण जे निर्बंध घातले ते त्यांच्या तयार कपड्यांवर, की फक्त न्हावा शेवा नाहीतर कोलकाता बंदरातूनच आणा. कापसाचा त्यात संबंधच नाही.

आणि उतू जातोय म्हणे! २०१३-१४ ला आपलं पीक ३९८ लाख गाठी होतं, आता ३०० लाखांच्या आसपास. अतिलांब धाग्याचा कापूस तर इजिप्त-अमेरिकेहून आधीपासूनच येतो. वर १९ ऑगस्ट २०२५ ला सरकारने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क माफ केलं, आधी सप्टेंबरअखेर, मग वाढवून डिसेंबरअखेर, म्हणजे ऐन वेचणीच्या दिवसांत बाहेरचा स्वस्त माल आत. विदर्भातला शेतकरी भावासाठी तेव्हाच ओरडत होता. मेसेज पुढे ढकलणाऱ्यांनी यवतमाळला कुणी ओळखीचं असेल तर फोन करून विचारा, आणखी एक गिऱ्हाईक तुटलेलं त्याला चालेल का.