पन्नासाला एक कमी

सकाळचे साडेनऊ. जेवणाच्या टेबलावर मल्हारची गणिताची वही उघडी पडली आहे. वर तारीख घातली आहे, पट्टीनं समास आखला आहे, समासात ‘१)’ असा रुबाबदार आकडाही काढला आहे. पुढे सगळं कोरं. गेली पंचवीस मिनिटं आमची शाळा इथेच अडकून पडली आहे, कारण खोडरबर सापडत नाहीये.

‘‘अरे पण खोडायचंय काय? तू अजून काही लिहिलंच नाहीयेस!’’

‘‘चुकलं तर?’’

आठ वर्षांच्या माणसानं एवढी दूरदृष्टी दाखवल्यावर आईनं काय बोलावं? मी सोफ्याच्या गाद्या उचलायला लागले.

आमची तीन मुलं शाळेत जात नाहीत. ओवी अकराची, मल्हार आठचा, चिमी चारची. घरीच शिकतात. हे ऐकल्यावर समोरचा माणूस आधी माझ्याकडे बघतो, मग मुलांकडे, आणि मग आवाज खाली आणून विचारतो, ‘‘काही... प्रॉब्लेम आहे का?’’ नाही म्हटलं की त्याची निराशा होते. आमच्या वॉचमनकाकांनी तर तीन वर्षांत आशा सोडलेली नाही. रोज दहा वाजता मुलं खाली सायकली काढतात आणि ते रोज विचारतात, ‘‘आज सुट्टी?’’ सुरुवातीला मी समजावून सांगायचे. आता ‘हो’ म्हणते. त्यांच्या हिशोबानं पुण्यात तीन वर्षं सलग सुट्टी चालू आहे.

काही जण कायद्यावर येतात. कायदा आम्हीही वाचला आहे. शिक्षण हक्क कायदा २००९चा, १ एप्रिल २०१० पासून लागू, वय वर्षं सहा ते चौदा. त्यात शाळेच्या भिंती, मैदान, स्वयंपाकघर, स्वच्छतागृह असं सगळं आहे, घरशाळेबद्दल मात्र अक्षर नाही. दहावीचं काय, असं विचारणाऱ्यांना मी मुक्त विद्यालयाचं सांगते. केंद्र सरकारची संस्था आहे, १९८९ पासून चालते, चौदा पूर्ण झाले की दहावीला बसता येतं. हे मी इतक्या वेळा सांगितलंय की चिमीसुद्धा बाहुलीला जेवण भरवताना ‘‘चौदा पूर्ण झाले की बसता येतं’’ असं म्हणते.

लोकांच्या डोळ्यांसमोर घरशाळेची दोन चित्रं असतात. एकात सुती साडीतली आई पृथ्वीचा गोल फिरवते आहे आणि मुलं टकामका बघताहेत. दुसऱ्यात मुलं झाडावर आहेत आणि आई मोबाइलमध्ये. आमच्याकडे आई बहुतेक वेळ पलंगाखाली असते. हरवलेल्या वस्तू शोधणं हाच आमच्या अभ्यासक्रमातला मुख्य विषय आहे. गणित, भाषा वगैरे ऐच्छिक.

नवरा या सगळ्यातला तात्त्विक भाग सांभाळतो. तो बंद दाराआड कंपनीच्या मीटिंगमध्ये असतो आणि मी वैतागले की बाहेर येऊन म्हणतो, ‘‘अगं, पंडिता रमाबाईंना त्यांच्या आईनं संस्कृत शिकवलं ते तीर्थयात्रेत गावोगाव फिरताना. पुराणं पाठ होती त्यांना!’’ मी म्हणते, असतील. यात्रेत दाराची बेल नव्हती.

बेल हा आमच्या शाळेतला सगळ्यात शिस्तीचा घटक. नऊला कचरा, सव्वानऊला इस्त्री, मग कुरिअर, मग ‘शेजारच्यांचं कुरिअर ठेवून घेता का?’ दिवसभर घरी असणारं घर म्हणजे अख्ख्या मजल्याचं पोस्ट ऑफिस. त्या दिवशीही गाद्या उचलून झाल्या, टीव्हीमागे बघून झालं आणि बेल वाजली. मी ‘ठेवा इथेच’ म्हणत दार उघडलं तर समोर अण्णामामा.

अण्णामामा म्हणजे सासूबाईंचे धाकटे भाऊ. बँकेतून निवृत्त. सासूबाई सांगतात, त्यांच्या लहानपणी गावातल्या शाळेत दिपोटी, म्हणजे शाळा तपासणारे डेप्युटी साहेब, यायचे. दिपोटी येणार कळलं की आठ दिवस आधी शाळा सारवायची, पोरांची नखं कापायची, कविता पाठ करून घ्यायच्या. आमच्याकडे दिपोटी न कळवता येतात, चपला काढता काढताच पहिला प्रश्न टाकतात आणि वर चहाही घेतात. शाळेत जाणाऱ्या मुलाला पाहुणे ‘कितवीत आहेस?’ विचारून सोडून देतात. घरी शिकणाऱ्या मुलाला प्रत्यक्ष पाढा म्हणून दाखवावा लागतो.

‘‘काय ओवीबाई, मंगोलियाची राजधानी?’’ मामांनी पायमोजा काढत विचारलं.

‘‘उलानबातर.’’

मामांना स्वतःलाच खात्री नसावी. ‘‘हं,’’ म्हणून ते मल्हारकडे वळले. समोर कोरी वही बघून त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं.

‘‘तू सांग. अठ्ठ्याण्णवनंतर काय येतं?’’

मी गाद्या खाली टाकल्या. कारण उत्तर काय येणार ते मला माहीत होतं.

‘‘एकोणशंभर,’’ मल्हार म्हणाला.

याची पार्श्वभूमी अशी. आदल्या आठवड्यात आजीनं त्याला सांगितलं होतं की ‘एकोण’ म्हणजे एक ऊन, एक कमी. एकोणीस म्हणजे विसाला एक कमी, एकोणपन्नास म्हणजे पन्नासाला एक कमी. हे ऐकून गडी दोन दिवस हवेत होता. त्यानं ओळीनं लावून बघितलं. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी. एकोणनव्वदसुद्धा बरोबर! आणि मग अगदी शेवटी, दारात येऊन, नव्व्याण्णव. ‘‘असं कसं?’’ तो माझ्यावरच चिडला, जणू मीच तो आकडा बसवला होता. मी भाषेत असं असतं वगैरे गुळमुळीत बोलले. ते त्याला पटलं नाही. त्याला नव्व्याण्णव येतं. त्याचं म्हणणं एवढंच की ते चूक आहे.

एवढं सगळं पायमोजे हातात धरलेल्या माणसाला कसं सांगणार?

‘‘बघितलंस?’’ मामा मला म्हणाले. आवाजात राग नव्हता, दया होती. ती जास्त लागते. ‘‘म्हणून शाळा लागते, बाळा.’’

मी म्हटलं, ‘‘मामा, शाळेच्या पुस्तकानंही मागे एकवीसला वीस एक म्हणून बघितलं होतं की.’’ खरंच होतं ते. २०१९च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात वीस एक, वीस दोन असं वाचायची पद्धत आली आणि महाराष्ट्रात एवढा गदारोळ झाला की विषय विधानसभेत गेला. ज्यांना पासष्ट आणि सदुसष्ट यांत आजही क्षणभर थांबावं लागतं, अशी माणसंही मराठीच्या रक्षणाला उतरली होती. मी त्या वेळी जुन्याच्या बाजूनं तावातावानं बोलले होते. मग स्वतःच्या मुलाला त्रेपन्न आणि पस्तीस यांतला फरक शिकवायची वेळ आली. म्हणायचं तीन आधी, लिहायचे पाच आधी. आता मी त्या विषयावर बोलत नाही.

‘‘तेव्हाही मी विरोधातच होतो,’’ मामा म्हणाले.

पुन्हा बेल. या वेळी रद्दीवाले.

रद्दीवाले काका महिन्यातून एकदा येतात. खांद्यावर पोतं, हातात ताणकाटा आणि साधा बटणांचा फोन. चिमीचं त्यांच्यावर फार प्रेम आहे, कारण मागे एकदा त्यांनी तिच्या बाहुलीचं वजन करून दिलं होतं. मल्हारचं प्रेम काट्यावर आहे. पेपरांचा गठ्ठा सुतळीनं बांधून काकांनी आकड्याला लटकवला आणि तिघं पोरं काट्याभोवती जमली. मामाही कठड्याला टेकून उभे राहिले. बँकेतल्या माणसाला व्यवहार चालू असताना आत बसवत नाही.

काटा साडेतीनच्या किंचित पुढे गेला. काकांचा करंगळीचा आधार गठ्ठ्याला लागला आणि काटा किंचित मागे आला.

‘‘काका, हात लावू नका ना,’’ मल्हार अगदी मऊ आवाजात म्हणाला.

काका हसले. त्यांनी हात काढला. काटा हलला, डुलला आणि साडेतीनवरच येऊन थांबला. म्हणजे करंगळी निरपराध होती. मल्हारचे कान लाल झाले.

‘‘साडेतीन किलो. चौदाचा भाव चालू आहे,’’ काका म्हणाले. ‘‘पंचेचाळीस घ्या ताई, हिशोबाला सोपं.’’

मामांनी लगेच मोबाइल काढला. चष्मा कपाळावरून नाकावर आणला. साडेतीन... गुणिले... ‘‘हे कुलूप का पडलं पुन्हा?’’ इकडे मल्हार पुटपुटायला लागला, ‘‘तीन चौदा बेचाळीस, आणि अर्धे चौदा सात...’’ तेवढ्यात स्वयंपाकघरातून, मेथी निवडता निवडता, मान वर न करता आवाज आला :

‘‘चौदा औट एकोणपन्नास!’’

सगळे गप्प.

सासूबाई जुन्या सातवी पास. त्यांना पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी सगळं पाठ आहे. औट म्हणजे साडेतीन. मला हे लग्नानंतर कळलं. मी संगणकाची पदवी घेतली आहे, त्यात औटकी नव्हती. शिकवा ना मुलांना, असं मी किती वेळा म्हटलं, तर म्हणतात, ‘‘ते शिकवायचं नसतं, म्हणायचं असतं.’’ म्हणून त्या म्हणतात. भांडी लावताना, वाती वळताना. मुलं आसपास असतात.

‘‘एकोणपन्नास!’’ मल्हारही पोचला. आणि मग थोड्या वेळानं, स्क्रीनकडे बघत, मामाही पोचले. ‘‘एकोणपन्नासच येतात.’’

‘‘पन्नासाला एक कमी,’’ मल्हारनं मामांना समजावून सांगितलं.

रद्दीवाले काकांनी कपाळाला हात लावला, ‘‘आजी घरात आहेत हे विसरलोच,’’ म्हणत पन्नासाची नोट काढली. ‘‘रुपया सुट्टा द्या.’’

इथून खरा कसोटीचा काळ सुरू झाला. तुमच्या घरात आत्ता एक रुपयाचं नाणं आहे का? छातीवर हात ठेवून सांगा. आमच्या घरात रुपया फोनमध्ये असतो. काकांच्या फोनमध्ये तो जात नाही. आम्ही पर्स उपड्या केल्या, देवघरातली ताटली बघितली. तिथे एक सव्वा रुपया होता, पण सासूबाईंनी डोळे वटारले. नवरा मीटिंगमधून कानाला हेडफोन लावलेला तसाच बाहेर आला आणि खुणेनं ‘काय हरवलंय?’ विचारून, उत्तर न ऐकताच शोधायला लागला. एवढ्या वर्षांत त्यालाही सवय झाली आहे.

चिमी कोपऱ्यात भातुकली मांडून शांत बसली होती. तिची शांतता मला नेहमी महागात पडते, म्हणून मी जाऊन बघितलं. पितळेच्या इवल्याशा कढईत एक पांढरा चौकोनी तुकडा होता.

‘‘मल्हार! तुझं खोडरबर!’’

‘‘ते पनीर आहे,’’ चिमी म्हणाली. ‘‘अजून कच्चं आहे.’’

रुपया सापडला नाही. काका म्हणाले, ‘‘राहू द्या, पुढच्या रद्दीत धरू,’’ आणि पोतं खांद्यावर टाकून गेले.

तोवर बारा वाजले होते आणि मामा जेवायला थांबले. मंगळवारी भरदुपारी अख्खं घर एकत्र गरम वरणभात खातंय, बाहेर पाऊस लागलाय आणि कुणाचाही डबा परत येऊन उघडायचा नाहीये, हे सुख मला अजून अंगवळणी पडलेलं नाही. मध्ये एकदा असंच आडवारी आम्ही केळकर संग्रहालयात गेलो होतो, तेव्हा मस्तानी महालात आम्ही चौघंच होतो. चिमी मोठ्यानं शिंकली आणि स्वतःच्याच आवाजाला दचकली. तसं काहीतरी.

भात कालवता कालवता मामा म्हणाले, ‘‘अक्का, तुला अजून औटकी येते?’’

‘‘तुला नाही येत? मार खाल्लायस तू तिच्यापायी.’’

‘‘एक औट औट,’’ मामा म्हणाले, ‘‘बे औट सात, तीन औट साडेदहा...’’ आणि सहाला अडकले. सासूबाईंनी पुढे ओढलं. मग औटकीवरून गाडी पंधरावर आली. पंधरा साते पाचोदरसे, आठे वीसासे, नव पस्तीसासे. बहीणभाऊ एका सुरात, मान हलवत. पस्तीसासे म्हणजे एकशे पस्तीस हे कळल्यावर मल्हार जो हसायला लागला तो थांबेना, आणि चिमीनं ताटावर वाटीनं ठेका धरला. नवऱ्यानं मीटिंगचा आवाज बंद केला होता की नाही, हे त्यानं अजून सांगितलेलं नाही.

निघताना मामांनी चपला घातल्या, मल्हारच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मला म्हणाले, ‘‘पोरं हुशार आहेत गं. शाळेत घाल.’’

तीन वाजता घर पेंगुळलं. सासूबाई आडव्या झाल्या, चिमी त्यांच्या पदराचं टोक धरून झोपली. मी चहाचं आधण ठेवलं आणि टेबलाशी आले तर मल्हार वहीत काहीतरी लिहीत होता. ओवी त्याच्या खांद्यावरून वाकून बघत होती. तारखेखाली, आखलेल्या समासापुढे, एकच ओळ होती :

१) रद्दीवाले काकांना १ रुपया देने.

‘‘देणे,’’ ओवी म्हणाली. ‘‘बाणातला ण.’’

मल्हार उठला, पावलं न वाजवता कोपऱ्यात गेला, कढईतलं पनीर घेऊन आला आणि ‘ने’ खोडायला लागला.