शेजारच्या टॉवरवर खापर फोडण्याआधी

हॅम मंडळींच्या, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांच्या, ग्रुपांवर एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो: "रिपीटरवर खरखर किंवा भलत्याच कुणाचं बोलणं आलं, की शेजारचा ट्रान्समीटर बिघडलेला किंवा बेकायदा आहे असं समजा. तक्रार करा. तोवर टोन लावा, प्रीअँप बसवा, पॉवर वाढवा. डुप्लेक्सर चांगला असेल तर बाहेरचं काही आत येत नाही." रिपीटर म्हणजे डोंगरावरचं असं यंत्र, जे एका फ्रिक्वेन्सीवर ऐकलेलं लगेच दुसरीवर जोरात पुन्हा पाठवतं. हा मजकूर वाचून लोक सामान घेऊन डोंगर चढतात आणि रिकाम्या हाताने उतरतात. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"शेजारचा ट्रान्समीटर बिघडलेला असतो." समजा आपला रिपीटर १४५.६०० मेगाहर्ट्झवर बोलतो (हे आउटपुट) आणि १४५.००० वर ऐकतो (हे इनपुट). त्याच डोंगरावर १४८.२ आणि १५१.४ वर दोन परवानाधारक ट्रान्समीटर आहेत. पहिल्याची दुप्पट २९६.४, त्यातून १५१.४ वजा केले की उरतात बरोबर १४५.०. दोघंही निर्दोष, पण दोघं एकदम चालू झाले की आपल्या इनपुटवर तिसराच सिग्नल उभा राहतो. हे इंटरमॉड, म्हणजे सिग्नलचं आपसातलं मिश्रण. त्यात आपला ट्रान्समीटरही सामील असू शकतो. जवळच्या दोन एफएम केंद्रांत ६०० किलोहर्ट्झचं अंतर असेल, तर तेवढाच फरक आपल्या आउटपुटमधून वजा होऊन थेट इनपुटवर उतरतो. मग रिपीटर एकदा उठला की स्वतःच स्वतःला धरून ठेवतो. म्हणून पहिली चाचणी फुकटातली आहे: आपला ट्रान्समीटर बंद करा आणि नुसता रिसीव्हर ऐका. त्रास थांबला, तर आपण त्यात आहोत. तो निव्वळ डीसेन्स (आपल्याच ट्रान्समीटरच्या जोराने रिसीव्हर बहिरा होणं) असेल किंवा असं मिश्रण, पण शोध घरापासून सुरू करायचा.

पुढचा प्रश्न, मिश्रण होतं कुठे? आपल्या रिसीव्हरच्या पुढच्या टप्प्यात, कुणाच्या तरी ट्रान्समीटरच्या फायनलमध्ये (शेवटच्या पॉवर टप्प्यात), किंवा टॉवरच्या गंजलेल्या सांध्यात. रिसीव्हरच्या तोंडाशी ३ डेसिबलचा अटेन्युएटर (सिग्नल ठरावीक प्रमाणात कमी करणारा भाग) लावा. नको असलेला सिग्नल ३ डेसिबलच घटला, तर तो बाहेरून तयार होऊन येतोय. सुमारे ९ घटला, तर तो आपल्याच रिसीव्हरमध्ये शिजतोय. रिसीव्हरमध्ये असेल तर त्याच्यापुढे बँडपास कॅव्हिटी (फक्त आपल्या फ्रिक्वेन्सीला वाट देणारा फिल्टर) हवी. ट्रान्समीटरमध्ये असेल तर त्या ट्रान्समीटरला आयसोलेटर (सिग्नल बाहेर सोडणारा, पण परका सिग्नल उलटा आत न येऊ देणारा भाग) हवा, आणि आयसोलेटर स्वतः हार्मोनिक (मूळ फ्रिक्वेन्सीच्या पटीतले सिग्नल) काढतो म्हणून त्याच्यापुढे, अँटेनाच्या बाजूला, ते अडवणारा लो-पास फिल्टरही. गंजाचं दुखणं वाऱ्याबरोबर, ओल्या-सुक्याबरोबर कमीजास्त होतं. सह्याद्रीतल्या पावसात उभ्या टॉवरचे नटबोल्ट, क्लॅम्प, ताणाच्या तारा एकदा हाताने तपासाच.

"टोन लावला की प्रश्न सुटतो." टोन म्हणजे बोलण्याबरोबर जाणारा ओळखीचा बारीक सूर; तो नसेल तर रिपीटर दाद देत नाही. त्यामुळे परक्या सिग्नलने रिपीटर उठत नाही, एवढंच. इनपुटवरचा कचरा जागच्या जागी राहतो. दरीतून हँडीवर (हातातल्या छोट्या सेटवर) बोलणाऱ्याचा क्षीण सिग्नल त्याखाली दबलेलाच असतो, फक्त आता आपल्याला ते कळतही नाही. टोन जरूर लावा, पण दुरुस्ती म्हणून नव्हे. मला या सल्ल्याची सर्वांत जास्त काळजी वाटते, कारण पुरात किंवा दरड कोसळल्यावर मदतीची हाक बहुधा अशाच क्षीण सिग्नलवरून येते.

"प्रीअँप बसवा, पॉवर वाढवा." गजबजलेल्या डोंगरावर प्रीअँप (रिसीव्हरच्या आधी सिग्नल वाढवणारा भाग) शेजाऱ्यांचे सिग्नलही तितकेच वाढवतो आणि रिसीव्हर आणखी लवकर गुदमरतो. रिपीटरची पॉवर वाढवून तो चांगलं ऐकू लागत नाही. उलट स्वतःच्या रिसीव्हरवरचा भार वाढतो.

"डुप्लेक्सर आहे ना!" डुप्लेक्सर प्रामुख्याने आपलाच ट्रान्समीटर आपल्या रिसीव्हरपासून दूर ठेवतो. त्यातही स्वस्तातला चपटा डुप्लेक्सर बहुधा नुसता नॉच प्रकारचा असतो: ६०० किलोहर्ट्झ अंतरावरचा आपला सिग्नल खोलवर दाबतो आणि १४८ किंवा १५१ ला जवळजवळ मोकळी वाट देतो. शेजारी अडवायचे तर बँडपास कॅव्हिटी लागतात.

एका बाबतीत फिरता मजकूर सत्याच्या जवळ जातो. शेजारच्या ट्रान्समीटरचा रुंद पसरलेला नॉइज आपल्या इनपुटवरच पडत असेल, तर आपल्याकडचा कोणताही फिल्टर तो काढू शकत नाही, कारण तो आपल्याच फ्रिक्वेन्सीवर आलेला असतो. फिल्टर त्यांच्या बाजूला लागतो. पण त्यासाठी त्यांचा तंत्रज्ञ आपल्या बाजूने हवा, आणि पहिलंच पत्र तक्रारीचं गेलं तर तो दार उघडणार नाही. साइटवरच्या सगळ्या ट्रान्समीटरच्या फ्रिक्वेन्सींची यादी मागा, कागदावर बेरजा-वजाबाक्या करा, अटेन्युएटरची मोजमापं सोबत न्या. त्यांनाही त्यांचा रिसीव्हर स्वच्छ हवाच असतो. एवढं करूनही कुणी दाद दिली नाही, तर वायरलेस मॉनिटरिंग ऑर्गनायझेशनकडे (रेडिओ लहरींवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेकडे) जाताना हीच मोजमापं तुमच्या अर्जाला जोडा.