कॉन्स्टेबलची पवनचक्की खरंच फिरते

इंग्लिश निसर्गचित्रकार जॉन कॉन्स्टेबल म्हटलं की आपल्याला बिस्किटाच्या डब्यावरचं इंग्लिश खेडं आठवतं. ओढा, झाडं, ढग, एखादी गाडी. ‘गोड आहे, पण त्यात विशेष काय?’ असं म्हणून लोक त्याच्याच काळातल्या टर्नर या चित्रकाराच्या वादळांकडे वळतात. टर्नर मोठाच, वाद नाही. पण कॉन्स्टेबलला गुळमट म्हणणाऱ्यांनी त्याची चित्रं कॅलेंडरवरच पाहिलेली असतात, असं माझं ठाम मत आहे. हा माणूस रम्य देखावे रंगवत नव्हता. तो चालू यंत्रं रंगवत होता.

जन्म १७७६, सफकमधलं ईस्ट बर्गहोल्ट. वडील गोल्डिंग कॉन्स्टेबल धान्याचे व्यापारी. फ्लॅटफर्ड आणि डेडहॅमच्या पाणचक्क्या त्यांच्याकडे होत्या, पवनचक्कीही होती. १७९९ मध्ये लंडनला रॉयल अकॅडमी या कलासंस्थेच्या शाळेत जाण्याआधी पोरगा घरच्या धंद्यात राबला होता, त्यातला काही काळ पवनचक्कीवर. ते काम म्हणजे सतत आभाळाकडे डोळा. वारा फिरला की चक्कीचं अख्खं लाकडी धूड मागच्या लांब दांड्याने ढकलून वाऱ्यासमोर आणायचं. वावटळीची चिन्हं दिसली की पात्यांवरचं कापड आधीच गुंडाळायचं. उशीर झाला तर चक्की बेभान फिरते, ब्रेक घासून तापतो आणि लाकडाला आगही लागू शकते. म्हणजे ढग वाचता येणं ही त्या घरात पोटापाण्याची गोष्ट होती. त्याचा धाकटा भाऊ म्हणायचा की जॉनने काढलेली चक्की बघितली की ती फिरेल हे कळतं, बाकीच्या चित्रकारांच्या चक्कीबद्दल तशी खात्री नसते. माझ्या मते कॉन्स्टेबलवरची ही सगळ्यात नेमकी समीक्षा आहे, आणि ती गिरणीवाल्याने केलेली आहे.

‘द व्हाइट हॉर्स’ (१८१९) हे चित्र घ्या. घोडा नावेत का उभा आहे? त्याच्या गावाकडच्या स्टूर नदीत मालाच्या नावा काठावरून घोडे ओढत. काही ठिकाणी काठावरची वाट या तीरावरून त्या तीरावर जायची आणि पूल नसायचा, मग घोड्यालाच नावेत घालून पलीकडे न्यायचं. ‘द लीपिंग हॉर्स’मधली (१८२५) उडी ही काही मर्दुमकी नव्हे. गुरं भटकू नयेत म्हणून वाटेवर साधारण तीन फुटांचे आडवे अडसर असत आणि ओढणाऱ्या घोड्यांना ते ओलांडायला शिकवलेलं असे.

‘द हे वेन’ (म्हणजे गवताची गाडी, १८२१) मधली गाडी पाण्यात का, याचं उत्तर तर आपल्याकडच्या कुठल्याही जुन्या गाडीवानाने दिलं असतं. कोरड्या हवेत लाकूड सुकतं, आरे खिळखिळे होतात, चाकावरची लोखंडी पट्टी, म्हणजे धाव, ढिली पडते. गाडी पाण्यात उभी केली की लाकूड फुगतं आणि धाव घट्ट बसते. जनावरांचे पायही गार होतात. चित्राचे जाणकारही एक कारण हेच सांगतात. गाडी रिकामी आहे हेही बघा. उजवीकडे लांब कुरणात दुसरी गाडी भरली जातेय. हे चित्र लंडनच्या स्टुडिओत रंगवलं, आणि गाडीची बांधणी चुकू नये म्हणून त्याने गावाकडून तसल्या गाडीचं रेखाटन मागवून घेतलं!

आता कामाची पद्धत. आउटडोअर लँडस्केप करणाऱ्यांनी हा भाग नीट वाचावा.

रंगांचा डबा मांडीवर, कागद झाकणाला टाचलेला. झाकण हेच ईझल, म्हणजे चित्र टेकवायची घोडी. कागदाला बऱ्याचदा आधी लालसर तपकिरी अस्तर दिलेलं. ते पूर्ण झाकायचं नाही. हिरव्या फटकाऱ्यांच्या फटींतून ते दिसत राहतं, म्हणून हिरवा जिवंत वाटतो. पांढऱ्या कागदावर तोच हिरवा थेट लावा, प्लॅस्टिकसारखा दिसेल. आणि हिरवा एकच नाही. फ्रेंच चित्रकार दलाक्रवाने आपल्या रोजनिशीत टिपून ठेवलंय की कॉन्स्टेबलच्या कुरणांचा हिरवा सरस आहे कारण तो असंख्य वेगवेगळ्या हिरव्यांचा बनलेला आहे. वर लाल रंगाची एक चिमूट. ‘हे वेन’मधल्या घोड्यांच्या साजाचा लाल बोटाने झाकून पाहा, अख्खं चित्र फिकं पडतं.

रंगाच्या ट्यूब तेव्हा नव्हत्या, त्या १८४१ मध्ये आल्या आणि हा १८३७ मध्येच गेला. रंग मिळायचा डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत. टाचणीने भोक पाडायचं, दाबून रंग काढायचा, परत बुच मारायचं. हवा शिरली की आतला रंग घट्ट. असल्या साहित्यानिशी तो १८२१ आणि १८२२ मध्ये लंडनजवळच्या हॅम्पस्टेडच्या टेकडीवर जाऊन नुसतं आभाळ रंगवत बसला. १८२२ च्या ऑक्टोबरात मित्राला लिहिलेल्या पत्रात आभाळाच्या पन्नासेक अभ्यासचित्रांचा हिशेब दिलाय. चित्रांच्या मागे नोंदी: तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा. ५ सप्टेंबर १८२२ च्या चित्रामागे सकाळचे दहा, नजर आग्नेयेला, वारा पश्चिमेचा आणि जोराचा, पिवळसर थरावरून पळणारे करडे ढग, असं सगळं लिहिलंय. हवामानाचा अभ्यासक ल्यूक हॉवर्डने ढगांच्या प्रकारांना नावं देऊन वीस वर्षंही झाली नव्हती तेव्हाची ही गोष्ट.

ढग काढताना आपली नेहमीची चूक म्हणजे कडा आखत बसणं. कड आखेपर्यंत ढग निघून गेलेला असतो. कॉन्स्टेबल आधी उजेड-सावलीचे मोठे गठ्ठे ओल्या रंगातच बसवतो. दुसरी चूक, सगळे ढग एकाच मापाचे काढणं. क्षितिजाकडे ते लहान आणि चपटे होत गेले पाहिजेत, नाहीतर आभाळ भिंतीसारखं उभं राहतं. आभाळ म्हणजे वस्तूंच्या मागे ताणलेली पांढरी चादर समज, असा सल्ला त्याला मिळायचा. त्याचं म्हणणं नेमकं उलटं होतं: चित्राचा सूर आभाळच लावतं.

मोठ्या, सहा फुटी कॅनव्हासच्या वेळी तो त्याच मापाचं अख्खं कच्चं तैलचित्र आधी करायचा. वीतभर स्केच सहा फुटांवर नेलं की नखाएवढं झाड हातभर होतं आणि सगळा तोल जातो. म्हणून खर्च दुप्पट, मेहनत दुप्पट. विकायचं चित्र मात्र एकच.

आणि याबद्दल मायदेशात मिळालं काय? रॉयल अकॅडमीचं पूर्ण सदस्यत्व १८२९ मध्ये, वयाच्या ५२ व्या वर्षी, एका मताने. पॅरिसने ‘हे वेन’ला १८२४ मध्येच सुवर्णपदक दिलं होतं. इंग्लंडात त्याच्या चित्रांतल्या पांढऱ्या ठिपक्यांची ‘बर्फ’ म्हणून टिंगल व्हायची. त्याच्या लेखी ते दव होतं, ओल्या पानावरचा उजेड. एकदा प्रदर्शनाआधी शिल्पकार चँट्रीने ‘पुढचा भाग फार थंड आहे’ म्हणत त्याचीच पॅलेट घेतली आणि त्या भागावर डांबरी तपकिरी रंगाचा हात फिरवला. कॉन्स्टेबल मागे उभा राहून म्हणाला, गेलं माझं सगळं दव. हा डांबरी रंग नीट वाळतच नाही, वरचा थर सुकतो आणि पुढे मगरीच्या कातडीसारख्या भेगा पडतात. तरी ‘जुन्या उस्तादांचा टोन’ म्हणून लोक तो थापत.

कॅलेंडरही थोडं चँट्रीचंच काम करतं. सहा फुटांचं चित्र नऊ इंचांत आलं की नाइफचे (रंग लावायच्या पातळ सुरीचे) फटकारे आणि ते पांढरे ठिपके पहिले जातात, उरतो तो गोडवा. लंडनला जाणं झालं तर आधी व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये ‘हे वेन’चं पूर्ण मापाचं कच्चं चित्र बघा, मग नॅशनल गॅलरीत पक्कं. दोन्हीकडे कायमच्या संग्रहाला तिकीट नाही. कच्च्यात काठावर, कुत्र्याच्या बाजूला घोडेस्वार आहे. पक्क्या चित्रात कॉन्स्टेबलने तिथे पिंप घातलं, मग तेही रंगाने झाकलं. तैलरंग वर्षांनुवर्षं पारदर्शक होत जातो, त्यामुळे झाकलेल्या जागी एक काळपट डाग आता वर आलाय. जवळ जाऊन बघितलात तर सापडेल.