ब्यावोव्येझातली वाळलेली झाडं : एका आक्षेपाला उत्तर

सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. पोलंडच्या ब्यावोव्येझा जंगलातली तोड मी चुकीची ठरवली, त्यावर तुम्ही विचारता : साल पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांनी स्प्रूसची सूचिपर्णी झाडं धडाधड मारली, मग ती काढण्यात वाईट काय? लाकडावर पोट असलेल्यांनी करायचं काय?

आधी किडीचं बघू. मादी सालीखाली खोडाच्या उभ्या दिशेने बोगदा कोरते, कडेकडेने अंडी घालते, अळ्या तिथून आडव्या पोखरत जातात. नवे भुंगेरे उडाले की त्या झाडाशी त्यांचं काम संपलं, कारण त्यांना ओली अंतरसाल लागते. साल गळालेला वाळका स्प्रूस तोडून कीड आटोक्यात येत नाही. तरीही पोलंडच्या सरकारी वनखात्याच्या २०१७ च्या आदेशात कीड लागलेल्या झाडांबरोबर सुकलेलीही काढायची होती.

आणि त्या सुकलेल्या लाकडावरच किती जीव जगतात! तीन बोटांचा सुतार पक्षी मरणाऱ्या स्प्रूसची साल सोलून अळ्या खातो, म्हणजे किडीचा शत्रूच. चपटा, शेंदरी ककुजस भुंगेरा मेलेल्या झाडाच्या सालीखाली वाढतो. युरोपीय संघाच्या न्यायालयाने १७ एप्रिल २०१८ रोजी ही तोड बेकायदा ठरवली, तेव्हा असेच पक्षी आणि भुंगेरे त्या निकालात होते.

‘मग जंगलच उरणार नाही’ ही भीती जर्मनीतल्या बव्हेरियन फॉरेस्ट या जंगलातही होती. १९८३ च्या वादळात पडलेली झाडं तिथल्या राष्ट्रीय उद्यानात तशीच ठेवली. पुढे भुंगेऱ्यांनी हजारो हेक्टर स्प्रूस वाळवला, आसपासचे गावकरी खवळले. पण कुजत्या ओंडक्यांवरच स्प्रूसची रोपं रुजली, शेजारी रोवनची झाडं उगवली. कुणी लागवड केली नव्हती.

कुठल्याही तोडीला माझा विरोध आहे असं मात्र समजू नका. इंग्लंडमध्ये केंटच्या ब्लीन जंगलात झाडं बुंध्यापासून पाळीपाळीने छाटतात. ऊन जमिनीपर्यंत पोचतं, काउ-व्हीट ही वनस्पती वाढते आणि तिच्यावर हीथ फ्रिटिलरी हे दुर्मीळ फुलपाखरू जगतं. छाटणी थांबली की सावली दाटते आणि ते नाहीसं होतं. तिथे कुऱ्हाड हवीच.

राहिला पोटाचा प्रश्न, तो खराच आहे. स्वीडनमध्ये व्यापारी तोड करतानाही काही झाडं राखतात, काही खोडं तीन-चार मीटर उंचीवर कापून उभी ठेवतात. त्या खुंटांवर भुंगेरे आणि बुरशा येतात. लागवडीच्या रानात हे जरूर करावं. पण ब्यावोव्येझात शतकानुशतकं पडलेलं, कुजलेलं, पुन्हा उगवलेलं लाकूड आहे. ते एकदा ट्रकने बाहेर गेलं की खुंट ठेवून भरून येणार नाही.