समृद्धीवरचे ते 'खिळे': दरोडेखोर सोडा, बॅरिकेड कुठे होतं ते विचारा

परत फिरायला लागलाय तो व्हिडिओ. सप्टेंबर २०२५ चा, समृद्धी महामार्गावरचा, काँक्रीटमध्ये रांगेने उभे असलेले टोकदार धातूचे तुकडे आणि खाली मजकूर, की दरोडेखोरांनी रस्त्यात शेकडो खिळे ठोकलेत, टायर फुटून गाडी थांबली की लुटतात, सरकार प्रकरण दाबतंय, नवीन रस्त्याला कसली आलीये दुरुस्ती, रात्री जाऊ नका, आणि टायर गेला तरी थांबू नका, तशीच पळवा. एकेक घेऊया, कारण यातलं शेवटचं वाक्य कुणाचा तरी जीव घेईल.

आधी घडलं काय ते. ९ सप्टेंबरची रात्र, छत्रपती संभाजीनगरजवळ माळीवाडा इंटरचेंजच्या भागात मुंबईकडे जाणारी बाजू. तीन गाड्यांचे टायर पंक्चर झाले, सुदैवाने कुणाला इजा नाही. दुसऱ्या दिवशी एमएसआरडीसीने, म्हणजे महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाने, सांगितलं की ते खिळे नाहीत, काँक्रीटमधले बारीक तडे भरायला बसवलेले ॲल्युमिनियमचे नोझल, म्हणजे छोट्या नळ्या आहेत, इपॉक्सी ग्राउटिंगचं, म्हणजे तड्यात चिकट इपॉक्सी दाबून भरायचं काम चालू होतं.

"दरोडेखोरांनी ठोकले." कशाने ठोकले ते तरी सांगा राव. हायवेचं काँक्रीट साधारण एम-४० ग्रेडचं, म्हणजे चांगलंच टणक असतं, घरच्या भिंतीत स्क्रू घालायचा तरी आपण ड्रिल मशीन शोधतो, आणि इथे म्हणे टोळीने अंधारात, चालू ट्रॅफिकमध्ये, ॲल्युमिनियमसारखा मऊ धातू हातोडीने आत घातला आणि तोही ताठ उभा राहिला. ज्याला टायरच फोडायचेत तो सुटे खिळे टाकून पळेल ना, ड्रिलिंग करत कशाला बसेल? समृद्धीवर चोऱ्यामाऱ्या होतच नाहीत असं मी म्हणत नाहीये, या व्हिडिओतला प्रकार तो नव्हे एवढंच.

"इतक्या सरळ रांगेत आहेत म्हणजे प्लॅनिंगच." हो, प्लॅनिंग आहेच, ठेकेदाराचं. ज्यांनी सोसायटीत स्लॅबचं लीकेज काढताना बघितलंय त्यांना हे लगेच ओळखू येईल. तडा जसा गेलाय तशी त्याच्या कडेने ठराविक अंतरावर भोकं पाडतात, प्रत्येकात एक नोझल बसवतात, वरून तडा पुट्टीने बंद करतात म्हणजे माल बाहेर येत नाही, मग रेझिन आणि हार्डनर मिसळून ते पातळ इपॉक्सी पंपाने पहिल्या नोझलमधून आत दाबतात, शेजारच्या नोझलमधून माल बाहेर डोकावला की समजायचं मधला भाग भरला, पहिलं बंद करायचं आणि पुढे सरकायचं. माल घट्ट व्हायला वेळ लागतो, तोवर नोझल तसेच उभे राहतात, नंतर ते कापून जमिनीला सपाट करतात. म्हणून रांग दिसते. तोंड वर ठेवावंच लागतं, नाहीतर पंप जोडणार कुठे.

"नवीन रस्त्याला दुरुस्ती कशाला, म्हणजे काहीतरी लपवतायत." यात अर्धं खरं आहे आणि ते मी खोडणार नाही. काँक्रीट सुकताना आकसतं, उन्हाने प्रसरण पावतं, त्यामुळे ते तडकणारच हे गृहीत धरून मुद्दाम करवतीने जॉइंट कापलेले असतात, की तडा जायचाच असेल तर तिथे जावा. बारीक तडा वेळीच भरला तर पाणी आत जात नाही, म्हणजे दुरुस्ती होणं हे वाईट लक्षण नाही. पण नागपूर ते शिर्डी हा ५२० किमीचा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला, म्हणजे तीन वर्षं पण झाली नव्हती. इतक्या लवकर तडे का गेले आणि दुरुस्तीचा खर्च कुणाच्या खिशातून, हे विचारायचा हक्क टोल भरणाऱ्या प्रत्येकाला आहे. दरोडेखोर म्हणून ओरडलं की ठेकेदार सुटतो, हे कुणाच्या लक्षात येत नाही याची गंमत वाटते.

आणि खरा मुद्दा तर त्या मेसेजमध्ये कुठेच नाही. कामासाठी ट्रॅफिक वळवलं होतं असं महामंडळाने सांगितलं, नोझल काढले गेले ते मात्र १० तारखेच्या पहाटे. मधे गाड्या त्याच लेनवरून गेल्या, नाहीतर टायर गेलेच नसते. मग नोझल उभे असताना लेन उघडी कशी? रस्त्यावर काम चालू असताना ट्रॅफिक कसं सांभाळायचं याचं इंडियन रोड्स काँग्रेसचं, म्हणजे रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं, वेगळं पुस्तकच आहे, एसपी-५५. त्यात कामाच्या जागेआधी बराच लांबपासून सूचना, मग कोन लावून हळूहळू लेन अरुंद करत नेणं, मग काम, मग परत लेन मोकळी, असे टप्पे सांगितलेत. हे काही कागदी लाड नाहीत. इथे कारला १२० ची परवानगी आहे, म्हणजे गाडी सेकंदाला ३३ मीटर जाते, समोर काय आहे हे कळून ब्रेकवर पाय जाईपर्यंत दोन सेकंद गेले तरी ६६ मीटर गेले. लो बीममध्ये तेवढं दिसत पण नाही. बोटाएवढा तुकडा त्या वेगात दिसायची शक्यता शून्य, म्हणून तर आधी बोर्ड, ब्लिंकर, रिफ्लेक्टरवाले कोन लागतात, आणि काम अर्धवट ठेवून माणसं घरी गेली तरी ते जागेवर राहायला लागतात. आपल्याकडे "काम चालू आहे" चा बोर्ड काम संपल्यावर महिनोन्महिने असतो आणि काम चालू असताना नसतो, हा अनुभव बहुतेक सगळ्यांनाच असेल.

आता ते "टायर गेला तरी थांबू नका". अजिबात ऐकू नका. हवा गेलेल्या टायरवर गाडी पळवली की टायर चिरडून रिम रस्त्याला लागते, गाडी एका बाजूला ओढते, आणि या वेगात ती आवरणं कठीण. स्टिअरिंग घट्ट धरा, जोरात ब्रेक मारू नका, ॲक्सिलरेटर सोडून वेग कमी होऊ द्या, हॅझार्ड लाइट लावा, डावीकडच्या शोल्डरवर, म्हणजे लेनबाहेरच्या कडेच्या पट्टीवर घ्या. सगळ्यांनी डाव्या बाजूने उतरून क्रॅश बॅरियरच्या पलीकडे उभं राहायचं, गाडीत किंवा गाडीमागे नाही. त्रिकोणी रिफ्लेक्टर गाडीला चिकटून न ठेवता बराच मागे ठेवायचा. भीती वाटत असेल तर ११२ लावा आणि कडेच्या किलोमीटरच्या पाटीवरचा आकडा सांगा, "संभाजीनगरच्या जवळ कुठेतरी" म्हटलं तर गस्तीची गाडी शोधतच बसेल.

आणि पुढच्या वेळी असं काही दिसलं तर सुरक्षित जागेवरून व्हिडिओ जरूर काढा, फक्त कॅमेरा नोझलवरच धरून बसू नका, गाड्या ज्या बाजूने येतायत तिकडेही फिरवा. एक तरी कोन, एक तरी बोर्ड होता की नाही ते त्यात दिसू दे, आणि तो व्हिडिओ पाटीवरच्या आकड्यासकट तक्रारीला जोडा.