लुलांची करंगळी आणि एक फॉरवर्ड

गेला आठवडाभर एक मेसेज फिरतोय. माझ्याकडे तो तीन ग्रुपांतून आला. एका ग्रुपात तर पाठवणारे काका स्वतः आयुष्यभर लेथवर उभे राहिलेले टर्नर. मेसेज ब्राझीलचे राष्ट्राध्यक्ष लुला यांच्याबद्दल आहे. थोडक्यात मजकूर असा: अंगठेबहाद्दर मजूर, कामचुकार इतका की पेन्शनसाठी स्वतःचं बोट कापून घेतलं, राष्ट्राध्यक्ष झाल्यावर फुकट पैसे वाटून देश बुडवला, भ्रष्टाचारात बारा वर्षांची शिक्षा झाली, पण स्वतःच नेमलेल्या न्यायाधीशांनी सोडवलं, मग मतदान यंत्रांत घोळ करून पुन्हा खुर्चीत. खाली नेहमीचं 'वेळीच जागे व्हा'.

आधी बोटाचं बघू, कारण काकांनी तरी हे पुढे पाठवायला नको होतं. १९६४ साल, साओ पावलोतला एक छोटा कारखाना, रात्रपाळी. लुला तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांचे. डाव्या हाताची करंगळी प्रेसमध्ये सापडली. मालक सकाळी येईपर्यंत तसंच थांबावं लागलं, मग दवाखाना, आणि तिथे डॉक्टरांनी उरलंसुरलं बोटही काढून टाकलं, असं ते स्वतः सांगतात. भरपाई मिळाली, त्यातून आईसाठी घरात सामान घेतलं. आणि 'कामचुकार' म्हणाल, तर १९६६ मध्ये ते व्हिलारेस या मोठ्या कंपनीत टर्नर म्हणून लागले. भोसरी-चाकणच्या प्रेस शॉपमध्ये बोटं गमावलेली माणसं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना ही गोष्ट हौसेने होत नाही हे सांगायला नको.

अंगठेबहाद्दर? शाळा लवकर सुटली हे खरं. पण सेनाई या संस्थेतून, म्हणजे आपल्या आयटीआयसारखंच, त्यांनी टर्नरचा कोर्स पुरा केला. पुढे कामगार संघटनेचे अध्यक्ष, लष्करी राजवटीत १९७८ ते ८० चे संप, ३१ दिवसांचा तुरुंगवास (त्याच दिवसांत आई गेली), १९८० मध्ये कामगार पक्षाची स्थापना, आणि राष्ट्राध्यक्षपदासाठी १९८९, ९४, ९८ असे सलग तीन पराभव. चौथ्या खेपेला, २००२ मध्ये, निवडून आले. कामचुकार माणूस इतक्या वेळा उभा राहत नाही.

'फुकट पैसे' म्हणजे बोल्सा फामिलिया, ऑक्टोबर २००३ मध्ये सुरू झालेली योजना. गरीब कुटुंबाला, बहुधा आईच्या नावावरच्या कार्डावर, दरमहा ठरावीक रक्कम. पण अटी होत्या: सहा ते पंधरा वर्षांच्या मुलांची शाळेत ८५ टक्के हजेरी, लहानग्यांचं लसीकरण, गरोदर बाईची तपासणी. शिवाय ही कल्पना एकट्या लुलांची नव्हे. आधीच्या कार्डोझो सरकारच्या योजना एकत्र करून ती उभी राहिली. खर्च देशाच्या जीडीपीच्या अर्ध्या टक्क्याच्या आसपास. त्यात देश बुडतो म्हणणाऱ्यांनी ब्राझीलच्या पेन्शनवरचा खर्च बघावा, तो याच्या कितीतरी पट आहे. आणि बुडालेल्या देशाने आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं १५.५ अब्ज डॉलरचं कर्ज मुदतीआधी फेडल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. लुलांच्या सरकारने डिसेंबर २००५ मध्ये तशी घोषणा केली आणि फेडलं.

अर्थात यात नशिबाचा वाटाही मोठा. चीन लोहखनिज आणि सोयाबीन वाट्टेल त्या भावाने उचलत होता. पुढे भाव कोसळले आणि २०१५-१६ मध्ये मोठी मंदी आली. तेव्हा सत्तेत होत्या लुलांच्या वारसदार डिल्मा रूसेफ, आणि त्यांनी उद्योगांना वाटलेल्या करसवलती आणि दाबून धरलेले इंधनाचे दर यांचा त्या मंदीत हात होता. टीका करायचीच तर ती इथे करा.

आता न्यायालय. यातली शिक्षा खरी आहे. जुलै २०१७ मध्ये कुरिचिबा शहरातले न्यायाधीश सेर्जिओ मोरो यांनी साडेनऊ वर्षं दिली, अपिलात ती बारा वर्षं एक महिना झाली. आरोप होता बांधकाम कंपनीकडून लाच म्हणून मिळालेल्या ग्वारुजाच्या समुद्रकाठच्या तीन मजली फ्लॅटचा. (१९५२ साली आई आणि भावंडांसोबत तेरा दिवस ट्रकच्या फळ्यांवर बसून, दुष्काळी पेर्नाम्बुकोतून सात वर्षांचा लुला ज्या ग्वारुजात येऊन पोचला, तेच हे गाव.)

'आपल्याच न्यायाधीशांनी सोडवलं' हे मात्र आकड्यांपुढे टिकत नाही. अपिलं संपेपर्यंत बाहेर राहू द्या, हा त्यांचा अर्ज एप्रिल २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ५ मतांनी फेटाळला. नकार देणाऱ्या सहांपैकी पाच जण लुला किंवा डिल्मा यांनीच नेमलेले! उलट लुलांच्या बाजूने मत देणाऱ्यांत कार्डोझोंनी नेमलेले जिल्मार मेंदेस होते. त्याआधी २०१२ मध्ये, खासदारांना पैसे चारल्याच्या 'मेन्सालाओ' खटल्यात लुलांचे उजवे हात जोझे दिर्सेउ यांना दोषी धरलं, ते प्रकरण हाताळणारे न्यायमूर्ती जोआकिम बार्बोझाही लुलांचीच नेमणूक. न्यायाधीश खिशात असल्याची ही लक्षणं नव्हेत.

मग सुटले कसे? ५८० दिवस आत काढल्यावर, नोव्हेंबर २०१९ मध्ये न्यायालयाने नियमच बदलला: अपिलं संपल्याशिवाय शिक्षा भोगायला लावायची नाही. तो सर्वांनाच लागू झाला. मार्च २०२१ मध्ये शिक्षा रद्द झाली, कारण हे खटले चालवायचा अधिकारच कुरिचिबाच्या न्यायालयाला नव्हता. पाठोपाठ मोरो निष्पक्ष नव्हते, असाही निकाल आला. त्यात नवल काय? लुला तुरुंगात असल्याने २०१८ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाची वाट ज्यांना मोकळी झाली, त्या बोल्सोनारोंच्या मंत्रिमंडळात मोरो कायदामंत्री होऊन बसले होते. गंमत म्हणजे लुलांची २०१८ ची उमेदवारी, दोषी ठरलेल्यांना निवडणूक लढवू न देणाऱ्या ज्या कायद्याने बाद ठरली, त्यावर २०१० मध्ये सही लुलांचीच.

पण लुलांच्या चाहत्यांचाही एक मेसेज असतो, 'न्यायालयाने निर्दोष ठरवलं'. फ्लॅटच्या प्रकरणात तसं झालेलं नाही. खटला नव्याने चालवायचा तर मुदत उलटून गेली होती (सत्तरी ओलांडलेल्यांसाठी ती निम्मी होते), म्हणून जानेवारी २०२२ मध्ये फाइल बंद झाली. आणि पेट्रोब्रास या सरकारी तेल कंपनीतली लूट काल्पनिक नव्हती. कंपनीने स्वतःच्या हिशेबात भ्रष्टाचारापोटी ६.२ अब्ज रेआल (ब्राझीलचं चलन) बुडीत दाखवले.

राहिली मतदान यंत्रं. ३० ऑक्टोबर २०२२ च्या दुसऱ्या फेरीत लुलांना ५०.९ टक्के, बोल्सोनारोंना ४९.१ टक्के. फरक जेमतेम २१ लाख मतांचा, त्यामुळे शंका घ्यायला सोपं. ही यंत्रं १९९६ पासून वापरात आहेत, मतदान संपलं की केंद्रावरच मतांच्या बेरजेची पट्टी छापून लावली जाते, आणि २०१८ मध्ये बोल्सोनारो निवडून आले तेही याच यंत्रांवर. तरी त्यांच्या पक्षाने नोव्हेंबरमध्ये अर्ज केला की जुन्या बनावटीच्या यंत्रांवरची मतं बाद करा, पण फक्त दुसऱ्या फेरीतली. निवडणूक न्यायालय म्हणालं, यंत्रं तीच होती, तर मग पहिल्या फेरीचाही अर्ज करा. पक्षाने तो केला नाही. पहिल्या फेरीत त्याच यंत्रांनी त्यांना संसदेच्या कनिष्ठ सभागृहात ९९ जागा दिल्या होत्या, सर्व पक्षांत सर्वांत जास्त. अर्ज फेटाळला गेला, वर २ कोटी २९ लाख रेआल दंड.