उशाशी ठेवलेली कुंडी हवा शुद्ध करत नाही

सांगली-साताऱ्याकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरत असतो: झोपायच्या खोलीत स्नेक प्लांट, अरेका पाम, तुळस ठेवा; ती रात्रभर ऑक्सिजन सोडतात, चार कुंड्या म्हणजे एक एअर प्युरिफायर, हे ‘नासा’नं सिद्ध केलंय. कुंडीत शेतातली काळी माती भरा, रोज पाणी घाला, की झालं. झाडं लावा हे शंभर टक्के पटतं. बाकीचं नाही.

आधी रात्रीचा ऑक्सिजन. तो तयार व्हायला उजेड लागतो. स्नेक प्लांट रात्री पानांची छिद्रं उघडून कार्बन डायऑक्साइड साठवतं एवढं खरं, पण ऑक्सिजन दिवसाच सुटतो. तुळस तर रात्री साठवणही करत नाही. आता हिशेब करा. 10 बाय 12 ची, 10 फूट उंच खोली घेतली तर तिच्या हवेत सुमारे 7000 लिटर ऑक्सिजन असतो. स्वस्थ पडलेला माणूस मिनिटाला साधारण 250 मिलिलिटर वापरतो, म्हणजे आठ तासांत 120 लिटर. कुंडीनं भरून काढावी अशी तूट तिथं नसतेच. त्यामुळं ‘रात्री झाडानं गुदमरतं’ ही उलटी भीतीही खोटी.

‘नासा’चा प्रयोग झाला होता, 1989 मध्ये. पण तो हवाबंद छोट्या पेट्यांत. आपल्या घरात दारं-खिडक्यांतून हवा सतत बदलते, तिच्यापुढं झाडाचं काम नगण्य ठरतं. अशा अनेक प्रयोगांचा आढावा 2019 मध्ये अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठातल्या संशोधकांनी घेतला. नुसत्या वायुवीजनाची बरोबरी करायला दर चौरस मीटरला 10 ते 1000 झाडं लागतील, असं त्यात निघालं. वरच्या खोलीत कमीत कमी 110 कुंड्या! त्यापेक्षा खिडकी उघडा.

काळ्या मातीचा सल्ला सगळ्यात नुकसानीचा. कृष्णाकाठची ही माती शेतात सोनं आहे, पण कुंडीत एकटी नको. ओली असताना चिकट गोळा होते, मुळांना हवा मिळत नाही. वाळली की आक्रसते, कडेनं बोटभर फट पडते. वरून घातलेलं पाणी त्या फटीतून थेट खाली निघून जातं आणि मधला गड्डा कोरडाच राहतो. ताटलीत पाणी दिसतं, म्हणून आपण समाधानी; झाड मात्र सुकत जातं. दोन भाग माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) किंवा जाड वाळू असं मिश्रण करा. वर दोन इंच उसाचं पाचट पसरा, उन्हाळ्यात ओल टिकते. पाणी घालण्याआधी बोट दोन पेरं खुपसून बघा. कोरडं लागलं तरच घाला. स्नेक प्लांटला दोन-तीन आठवड्यांतून एकदा पुरतं. रोज पाणी दिलं की ते बुडातून मऊ पडून कुजतं.

मग आरोग्याला फायदा नाही का? भरपूर आहे, पण तो झाडाशेजारी झोपण्यात नाही, झाडामागं राबण्यात आहे. माती खणणं, कुंड्या हलवणं हा मध्यम व्यायाम. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांना आठवड्याला निदान 150 मिनिटं असा व्यायाम सांगते. नेदरलँड्समध्ये 2011 साली छपलेल्या अभ्यासात ताणानंतर अर्धा तास बागकाम करणाऱ्यांचं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणात वाढणारं संप्रेरक, वाचत बसलेल्यांपेक्षा जास्त उतरलं. माणसं 30च होती, तरी दिशा कळते.

सुरुवात मेथीनं करा. सहा इंच खोल क्रेट, रात्रभर भिजवलेले दाणे, अर्धा इंच मातीखाली, चार-पाच तास ऊन. महिन्याभरात जुडी हातात येते. गुडघे दुखणाऱ्या आजी-आजोबांसाठी क्रेट कंबरेएवढ्या कट्ट्यावर ठेवा.

मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट मात्र विसरू नका. कुंडीखालच्या ताटलीतल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवे डास उडतात. आठवड्याला ताटली नुसती ओतून भागत नाही, अंडी कडेला चिकटून राहतात. काथ्यानं घासा आणि उन्हात पालथी घाला.